‘चिरस्थायी अर्थव्यवस्थे’ची परिभाषा : कुमारप्पांच्या ग्रंथाची एक चिकित्सा

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा ‘इकॉनमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ १९४५ साली वर्ध्याच्या मगनवाडीतून, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघातर्फे प्रसिद्ध झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्याचे लेखन झाले आणि गांधीजींनी त्यास प्रस्तावना लिहिली. ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाल्यापासून कुमारप्पांचे वास्तव्य आणि कार्य बव्हंशी वर्ध्यास होते. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणीचे कामही त्यांनीच पार पाडले. म्हणजे जन्माने तमिळ आणि लेखनाने इंग्रजी असा हा ग्रंथकार आपल्या विचाराची परीक्षा विदर्भाच्या मातीवर घेत होता. असे असूनही मराठीत त्यांच्या विचाराची चर्चा गांधीविचाराचा एक उपविभाग म्हणूनच होत आली. त्यांच्या परिभाषेची स्वतंत्र चिकित्सा सहसा कोणी केली नाही.

अशी चिकित्सा आज आवश्यक झाली आहे. निसर्गाचा क्षय करून चालणाऱ्या अर्थव्यवहाराच्या जागी त्याची भरपाई करीत चालणारा व्यवहार कसा रचावा, हा प्रश्न आता केवळ आश्रमवासीयांचा राहिलेला नाही. शुमाखर यांनी ‘बुद्धप्रणीत अर्थशास्त्रा’वरील आपल्या निबंधात कुमारप्पांचा आधार घेतला, जॉर्जेस्कू-रोगेन यांनी १९७१ साली उष्मागतिकीचा नियम अर्थशास्त्राच्या दारात आणून उभा केला, २०२१ साली पार्थ दासगुप्ता यांचा जैवविविधतेच्या अर्थशास्त्रावरील अहवाल ब्रिटिश सरकारच्या वित्तखात्याने प्रसिद्ध केला. प्रश्न वाढत गेला तशी त्याची परिभाषाही वाढत गेली, आणि त्या परिभाषेची मराठी भाषांतरे शासकीय पत्रकांतून आपल्यापर्यंत येऊन पोहोचली. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्रज्ञ नाही. संज्ञा कोणते काम करतात व कोणते काम टाळतात एवढेच पाहणे त्याच्या अधिकारात येते, आणि त्या मर्यादेतच पुढील विवेचन केले आहे.

(१)

कुमारप्पांनी सृष्टीतील अर्थव्यवहाराचे पाच प्रकार कल्पिले आहेत. त्यांना आपण परोपजीवी, अपहारी, उद्यमी, सामूहिक आणि सेवामय अशी नावे देऊ. प्रत्येक प्रकारास त्यांनी प्राणिसृष्टीतील एक दृष्टान्त जोडला आहे. मेंढी गवत खाऊन व पाणी पिऊन जगते, तर वाघ त्या मेंढीस मारून जवळच्या वाटेने आपले पोट भरतो. हा परोपजीवी व्यवहार. माकड आमराईत शिरून फळे खाते, पण झाडांसाठी काहीच करीत नाही. हा अपहारी व्यवहार. मधमाशी मध घेते आणि घेता घेता फुलांचे परागसिंचन करते. हा उद्यमी व्यवहार. तीच मधमाशी स्वतःपुरते न पाहता सबंध पोळ्यासाठी राबते, तेव्हा तो सामूहिक होतो. आणि पक्षिणी परतफेडीची अपेक्षा न धरता पिलांस भरविते, तो सेवामय.

या वर्गीकरणाचे महत्त्व प्रथम मान्य केले पाहिजे. उत्पादन किती झाले हा अर्थशास्त्राचा नित्याचा प्रश्न; घेणाऱ्याने ज्याच्यापासून घेतले त्याचे पुढे काय झाले, हा कुमारप्पांचा प्रश्न. राष्ट्रीय उत्पन्नाच्या रूढ हिशेबात तोडलेल्या झाडाची किंमत जमेस धरली जाते, परंतु उघड्या पडलेल्या टेकडीची खर्ची नोंद कोठेच होत नाही. ही उणीव कुमारप्पांनी पाऊणशे वर्षांपूर्वी हेरली, आणि देवाणघेवाणीतील दुसऱ्या पक्षाला हिशेबात स्थान दिले. त्यांच्या ग्रंथाचे खरे सामर्थ्य येथे आहे.

परंतु दृष्टान्तांची निवड मात्र विचाराला घातक ठरली आहे. वाघ परोपजीवी आणि मेंढी निरागस, ही विभागणी नीतिकथेत शोभते. सृष्टीत ती टिकत नाही. वाघासारखे शिकारी प्राणी तृणभक्ष्यांच्या संख्येला आळा घालतात व त्यायोगे वनाचेच रक्षण करतात, हे परिसरविज्ञान आज निःशंकपणे सांगते. उलट मेंढीची निरागसता गवताच्या दृष्टीने पाहिली तर संशयास्पद आहे. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी उजाड माळ पुन्हा हिरवे करावयाचे ठरविले, तेव्हा कुऱ्हाडबंदीच्या बरोबरीने त्यांनी चराईबंदी केली. म्हणजे कुमारप्पांच्या दृष्टान्तातील निष्पाप प्राण्यासच प्रथम आवर घालावा लागला. पण हाही निवाडा अंतिम मानता येत नाही. तीच मेंढरे धनगर जेव्हा सुगीनंतर मोकळ्या शेतात बसवितो, तेव्हा ती लेंड्यामुताने त्या शेतास खत देऊन जातात व शेतकरी त्याबद्दल धनगरास धान्य किंवा पैसे देतो. एकच प्राणी माळावर भक्षक आणि शेतात दाता ठरतो.

व्याकरणाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. कोणतेही नाम स्वभावतः कर्ता नसते किंवा कर्म नसते. वाक्यातील क्रियेशी त्याचा जो संबंध येतो त्यावरून त्याचे कारक ठरते. कुमारप्पांनी व्याख्या केली ती संबंधाची. नावे मात्र दिली ती स्वभावाची. परिणामी त्यांच्या वाचकाचे लक्ष व्यवहाराच्या रचनेवरून निघून व्यवहार करणाऱ्याच्या चारित्र्यावर जाते. माणसे लोभी आहेत म्हणून निसर्ग क्षीण होतो, हा सोपा निष्कर्ष त्यांच्या अनुयायांनी वारंवार काढला. त्याच माणसांना वेगळ्या नियमांखाली ठेवले असता ती वेगळी का वागतात, याचे उत्तर त्या निष्कर्षातून मिळत नाही.

(२)

या ग्रंथातील दुसरा भेद अधिक तात्त्विक आणि माझ्या मते अधिक टिकाऊ आहे. कोळसा, खनिज तेल, धातूंचे दगड यांचा साठा ठरलेला आहे. वापराबरोबर तो घटतो. नदीचे वाहते पाणी अथवा वनात वाढत जाणारे लाकूड यांचा ओघ चालू असतो; केवळ वाढच घेतली, तर ते संपत नाहीत. पहिल्यावर उभारलेली अर्थव्यवस्था क्षणिक आणि दुसऱ्यावर उभारलेली चिरस्थायी, असे कुमारप्पा म्हणतात. साठा आणि ओघ यांचा हा भेद पुढे हर्मन डेली आदी लेखकांच्या विवेचनात केंद्रस्थानी आला.

हा भेद दख्खनच्या विहिरीला लावून पाहावा. येथील काळ्या पाषाणात पाणी सर्वत्र मुरत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत ते साचते, आणि पावसाळ्यात त्याचे पुनर्भरण होते. हे पाणी साठा की ओघ? मराठीत त्याचे उत्तर नामांपेक्षा क्रियापदांत सापडते. विहिरीतून पाणी शेंदणे आणि पाणी उपसणे या दोन क्रिया बोलणाऱ्याच्या मनात भिन्न आहेत. शेंदणारा दोर आणि घागर यांच्या मापाने घेतो. त्याच्या घेण्यास झऱ्याची गती आणि स्वतःचा दम या दोहोंची मर्यादा असते. उपसणारा ती जागा रिकामी करावयास निघालेला असतो. गाळ उपसतात, होडीतील पाणी उपसतात. एकाच विहिरीचे पाणी शेंदले तर ओघ राहते आणि उपसले तर साठा होते. बोअरने खोल भेगांतील पाणी जेव्हा वर आणले जाते, तेव्हा हे रूपांतर पुरे होते. तात्पर्य, साठा आणि ओघ हे पदार्थाचे प्रकार मानण्यापेक्षा घेण्याच्या रीतीचे प्रकार मानणे युक्त. कुमारप्पांनी ‘केवळ वाढच घेतली तर’ ही अट घातली आहे. पण ती त्यांनी उपवाक्यात ठेवली, आणि सारा भार त्या उपवाक्यावर पडावयास हवा होता.

या ठिकाणी शासकीय परिभाषेचा एक नमुना उद्‌बोधक आहे. भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात वर्षानुवर्षे ‘भूजल विकासाची पातळी’ अशी संज्ञा रूढ होती. तिचा अर्थ असा की, वर्षभरात मिळू शकणाऱ्या भूजलापैकी शेकडा किती पाणी बाहेर काढले गेले. म्हणजे पाणी जितके अधिक काढावे तितका ‘विकास’ अधिक. आणि शंभरावर गेलेला तालुका परिभाषेच्या दृष्टीने विकसिताहून विकसित! २०१५ च्या सुधारित पद्धतीत ‘विकास’ हा शब्द वगळून तेथे ‘उपसा’ या अर्थाची संज्ञा योजण्यात आली. शब्द बदलल्याने एकाही विहिरीचे पाणी वाढले नाही, हे उघड आहे. परंतु शेकडा शंभर हा आकडा यशाचा की धोक्याचा, एवढे तरी आता शब्दावरून कळते.

(३)

कुमारप्पांची पाचवी आणि सर्वश्रेष्ठ अवस्था ‘सेवा’. या शब्दाचे पुढे जे झाले ते शब्दार्थविज्ञानाच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. १९९७ साली कॉस्टॅन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील ‘परिसंस्था सेवां’चे वार्षिक मूल्य सरासरी ३३ लाख कोटी डॉलर इतके अंदाजिले. त्या काळी सर्व राष्ट्रांचे एकत्रित उत्पन्न सुमारे १८ लाख कोटी डॉलर होते; तेव्हा निसर्गाला शून्य किंमत देणारे हिशेब किती चुकतात हे त्या आकड्याने जगाला दाखविले, आणि ते कार्य मोलाचे होते. ‘नैसर्गिक भांडवल’ ही जोडसंज्ञाही याच वाटेने रुळली.

तथापि, कुमारप्पांच्या ‘सेवे’त मनुष्य देणारा आहे, ‘परिसंस्था सेवे’त तो घेणारा आहे. पहिल्या प्रयोगात शब्दाचा कर्ता माणूस, दुसऱ्यात कर्ता अरण्य, ओढा, मधमाशी; आणि माणूस संप्रदानी, ज्याच्यासाठी सेवा व्हावयाची तो. एकाच शब्दात कारकांची अशी अदलाबदल झाली आणि तरीही दोन्ही पक्ष तो शब्द निसर्गरक्षणाच्याच नावाने वापरीत राहिले. जो सेवा देतो त्याच्या जागी स्वस्तात तीच सेवा देणारा दुसरा मिळाला, तर पहिल्याला काढून टाकता येते. चाकरीच्या व्यवहाराचा हा स्वभावच आहे. पाणी गाळणारी पाणथळ जागा आणि पाणी गाळणारे यंत्र यांची तुलना या परिभाषेत शक्य होते. म्हणून मूल्यांकनाचा आकडा युक्तिवादात उपयोगी असला, तरी त्यातून येणारे नाते स्वीकारताना सावध राहणे बरे.

‘साधनसंपत्ती’ या आपल्या शब्दाची कथा याहून विलक्षण आहे. इंग्रजीतील ‘रिसोर्स’ हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिन ‘रिसुर्जेरे’पर्यंत जातो, आणि त्या धातूचा अर्थ ‘पुन्हा उठणे, पुन्हा वर येणे’ असा आहे. अर्थात मुळात या शब्दात पुनरुत्थानाचीच कल्पना होती. इंग्रजीत तो अर्थ झिजला आणि ‘गरजेस उपयोगी पडणारा साठा’ एवढा उरला. आपण भाषांतर केले ते या झिजलेल्या अर्थाचे. साधन म्हणजे दुसऱ्याच्या साध्यासाठी असलेली वस्तू, आणि संपत्ती म्हणजे कोणाच्या तरी मालकीची वस्तू. दोन्ही पदांत स्वतः पुन्हा उगवण्याची शक्यता नाही.

‘शाश्वत विकास’ या रूढ संज्ञेतील दोष वेगळा आहे. मूळ इंग्रजी शब्दाच्या तळाशी ‘खालून आधार देऊन धरून ठेवणे’ अशी क्रिया आहे. धरणारा हात थकला तर वस्तू पडेल, ही जाणीव तीत आहे. ‘शाश्वत’ हे विशेषण आपल्याकडे आत्मा, धर्म, सत्य यांना लागत आले. शाश्वत ते, जे कोणी राखले नाही तरी राहते. अशा विशेषणाने विकासाच्या मागे उभ्या राहणाऱ्या कर्त्याचाच लोप होतो. कुमारप्पांच्या ग्रंथनामासाठी येथे ‘चिरस्थायी’ हा शब्द घेतला तो याच कारणाने. तोही निर्दोष नाही, परंतु निदान ‘चिर’ हे काळाचे माप त्यात आहे, अनंताचा दावा नाही.

(४)

केवळ दोषदर्शन करून थांबणे उचित नाही. ज्या संबंधाला कुमारप्पांनी ‘उद्यमी’ म्हटले, त्याला मराठी शेतकऱ्याजवळ अधिक नेमका शब्द आहे. तो शब्द ‘बेवड’. एक पीक निघाल्यावर जमिनीची जी स्थिती ते मागे ठेवून जाते, तिच्यावरून पुढच्या पिकासाठी ते बेवड म्हणून चांगले की वाईट हे शेतकरी ठरवितो. हरभऱ्याचा बेवड चांगला, कारण द्विदल पिकाच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. या संज्ञेची विशेषता अशी की, तिच्यात मागील घेणारा, पुढील घेणारा आणि दोघांच्या मधली जमीन हे तिन्ही एकत्र येतात. येथे कोणा प्राण्याची स्तुती नाही, निंदा नाही. केवळ विचारणा आहे की, तू गेल्यावर येथे काय राहील. कारखाना, खाण, धरण, वसाहत या प्रत्येकाला हा प्रश्न विचारता येईल.

दुसरे उदाहरण ‘राखणे’ या क्रियापदाचे. त्यापासून ‘राखण’ आणि ‘राखीव’ असे दोन शब्द झाले. राखणीला राखणदार लागतो. ‘राखीव’ या विशेषणात राखणारा दिसत नाही. वनकायद्याने वने ‘राखीव’ झाली, तेव्हा शब्दातून आणि व्यवहारातूनही गावचा राखणदार निघून गेला. सह्याद्रीतील ज्या देवराया माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात अभ्यासिल्या, त्या राखणीने टिकलेल्या होत्या.

व्याख्येमुळे माणसाचे काय होते हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने पाहिले आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे तृण आहे. कापल्यावर त्याच्या भूमिगत खोडातून नवे कोंब येतात. १९२७ च्या वनकायद्याने मात्र ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला ‘गौण वनोपज’ म्हटले आणि त्यावरील ग्रामसमूहाचा हक्क मानला. २००९ साली मेंढा-लेखास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकण्याचा प्रत्यक्ष अधिकार हाती येण्यास २०११ साल उजाडले. वनाबाहेरच्या जमिनीपुरता बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून निघाला तो २०१७ साली. झाड की गवत, हा वाद शब्दकोशातला वाटतो. पण ज्या गावाच्या उत्पन्नाचा मुख्य आधार बांबू आहे, त्या गावाला त्याच वादाच्या निकालावर आपले वन राखून खाता येईल की नाही हे अवलंबून होते. आणि ‘गौण’ हे विशेषण अजूनही तसेच आहे. ते कोणाच्या दृष्टीने गौण, असे कायद्याला विचारावयास हवे.

(५)

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हिशेबाच्या भाषेचा येथे नाहक तिरस्कार झाला आहे. हा आक्षेप बराचसा मान्य करावा लागेल, आणि तो मान्य करावयास हिवरे बाजारच आपणांस भाग पाडतो. तेथे दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती, पिण्यास व गुरांना किती लागेल, हे ठरल्यावर उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यावयाची ते ग्रामसभा ठरविते. शेतीसाठी बोअरला मनाई आहे. उसाला आणि केळीला मनाई आहे. ‘ताळेबंद’ हा सावकारी पेढीवरचा शब्द. परंतु येथे तो पाण्याला किंमत लावीत नाही, घेणाऱ्यांना मर्यादा लावतो. म्हणजे दोष हिशेबाचा नसून, हिशेब कोणी मांडावा आणि तो कोणावर बंधनकारक असावा, यात खरा प्रश्न आहे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी उभारलेली ‘पाणी पंचायत’ हेच सांगते. तिने पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावरून न ठरविता कुटुंबातील माणसांवरून ठरविला, भूमिहीनालाही हिस्सा दिला, जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही असा दंडक घातला, आणि उसास पाणी नाकारले.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. ‘बेवड’ हा शब्द शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता; तरीही उसामागून ऊस आणि खोडव्यामागून खोडवा घेण्यापासून त्या शब्दाने त्याला रोखले नाही. खरे आहे. ज्या पिकाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि ठरलेला गिऱ्हाईक आहे, त्याच्यापुढे शब्दाचे शहाणपण दुबळे ठरते. मराठीत योग्य शब्द आहेत म्हणून मराठी समाज निसर्गाशी योग्य वागतो, असे म्हणण्याचा मोह परिभाषेच्या अभ्यासकाने कटाक्षाने टाळला पाहिजे. वर दिलेल्या प्रत्येक यशस्वी उदाहरणात शब्दाच्या पाठीशी नियम होता, नियमाच्या पाठीशी सभा होती, आणि सभेत बसणाऱ्यालाच त्या निर्णयाचे फळ वा फटका भोगावा लागत होता. शब्दाचे काम त्या नियमाला आकार देणे. नियमच नसेल, तर शब्द आठवणीपुरता उरतो.

कुमारप्पांच्या ग्रंथाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यातील त्राज्य आणि ग्राह्य भाग वेगळे करता येतात. वाघ, मेंढी आणि माकड यांच्यावरील निवाडे सोडून द्यावेत. सेवेला अर्थव्यवस्थेच्या शिखरावर नेऊन बसविण्याचा आग्रहही सोडावा. आईच्या मायेवर बाजार चालत नाही, आणि तो चालावा अशी अपेक्षा केल्याने मायेचेच अवमूल्यन होते. ठेवावयाची ती एक अट : केवळ वाढच घ्यावी. ती उपवाक्यातून काढून मुख्य वाक्यात आणावी, आणि तिच्या शेजारी बेवडाचा प्रश्न ठेवावा. किती घेतले याचा ताळेबंद आणि मागे काय राहिले याची विचारपूस, या दोन गोष्टी एकाच सभेत, एकाच माणसांसमोर व्हाव्यात, एवढी रचना साधली तर चिरस्थायित्वाचा पहिला धडा पुरा झाला असे म्हणता येईल.

१९६० च्या जानेवारीत कुमारप्पांचे निधन झाले. महाराष्ट्र राज्याची स्थापना त्यानंतर तीन महिन्यांनी झाली. या राज्याने पुढे मराठीत शासनव्यवहाराचे पदनामकोश व परिभाषाकोश तयार केले आणि ते काम मोठ्या निष्ठेने झाले. त्या कोशांची सुधारणा जेव्हा होईल, तेव्हा पाणी, माती आणि वन यांच्या संज्ञा ठरविणाऱ्या मंडळात भाषातज्ज्ञ व अर्थतज्ज्ञ यांच्या बरोबरीने विहीर शेंदलेला, मेंढरे बसविलेला आणि बेवड पाहून पेरणी केलेला एखादा माणूस असावा, अशी सूचना करून हा लेख पुरा करतो.